पहिलं मशीन पॉलिश: चमक आणण्याआधी थांबायला शिका



कार डिटेलिंग सुरू करायचं ठरवलेल्या मुलांचा मला येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, पॉलिशिंग मशीन कुठलं घेऊ?" पण "सर, पहिली गाडी कुणाची घेऊ?" असं कुणी विचारत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न जास्त महागाचा आहे.

या आठवड्याच्या व्हिडिओत मशीन कसं धरायचं, हात कसा फिरवायचा ते दाखवलंय. पण व्हिडिओत सगळं मावत नाही. म्हणून पहिल्यांदा मशीन हातात घेण्यापासून ते पहिले पैसे घेण्यापर्यंतचा पूर्ण क्रम इथे लिहून देतोय. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. त्या चुकीची फी मी भरलेली आहे, तुम्ही परत भरू नका.

माझी पहिली गिऱ्हाईकाची गाडी

बीबीए झाल्यावर दोन वर्षं नोकरी केली आणि मग साताऱ्यात हायवेच्या सर्व्हिस रोडला वॉशिंगचं छोटं शॉप टाकलं. वॉशिंगला गिऱ्हाईक होतं, पण एका गाडीमागे हातात राहणारे पैसे कमी. पॉलिशमध्ये मार्जिन चांगलं, हे कागदावर दिसत होतं. मग एक रोटरी मशीन, एक लोकरीचं पॅड आणि एक लिटर कंपाउंड आणलं. दोन संध्याकाळी स्वतःच्या जुन्या गाडीच्या दारावर हात फिरवला. दार चकाकलं. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आले. गडद निळी गाडी, सात वर्षं जपून वापरलेली. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसून पुसून उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसत होते. "सर, नव्यासारखी करून देतो," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोनेट मस्त निघालं. पण एका बाजूला, बोनेटचा पत्रा जिथे धार घेऊन वळतो तिथे, एक खोल ओरखडा राहिला. बाकी सगळं आरशासारखं, आणि तो एकच डोळ्यात खुपत होता. एकदा मशीन फिरवलं, थोडा कमी झाला. दुसऱ्यांदा फिरवलं. तिसऱ्यांदा जरा दाबून. चौथ्यांदा पॅड उचललं, तर पांढऱ्या लोकरीवर निळा रंग आणि धारेवर बोटभर लांबीचा निस्तेज पट्टा. ओलं फडकं मारलं की पट्टा दिसेनासा व्हायचा, वाळलं की परत वर यायचा. क्लिअर कोट उडाला होता.

खरं सांगतो, जाड वॅक्स लावून गाडी देऊन टाकावी असं मनात आलं होतं. शॉपच्या ट्यूबलाइटखाली कुणाला दिसलं नसतं. दोन-तीन वॉशनंतर दिसलं असतं, तोवर पैसे घेऊन झाले असते. अर्धा तास नुसता बसून होतो. मग सरांना फोन केला, बोलावून घेतलं आणि पट्टा दाखवला. शेजारच्या पेंटर मामांकडून पूर्ण बोनेट रंगवून दिलं. त्याचे साडेतीन हजार माझ्या खिशातून गेले, पॉलिशचे ठरलेले दीड हजार घेतले नाहीत, आणि सरांची गाडी चार दिवस अडकली.

सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगितलंस ते चांगलं केलंस. पण शिकायचं होतं, तर माझ्या गाडीवर कशाला शिकलास?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सर आजही वॉशिंगला येतात. पॉलिशला मात्र त्यांनी पुढची दोन वर्षं गाडी दिली नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

आपण नेमकं घासतो काय?

माझी चूक हाताची नंतर आणि समजुतीची आधी होती. पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं, असं मी समजत होतो. प्रत्यक्षात पॉलिश म्हणजे गाडीवरून काहीतरी काढणं.

गाडीच्या पत्र्यावर खालून वर असे थर असतात: प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याच्यामुळे दिसते आणि उन्हापासून खालच्या रंगाचं संरक्षणही तोच करतो.

आता ओरखडा म्हणजे या क्लिअर कोटमध्ये पडलेली बारीक चर. मशीन ती चर भरत नाही. सुतार फळीवर रंधा मारतो तसं ते आजूबाजूचा भाग चरीच्या तळापर्यंत खाली आणतं. सगळं एका पातळीत आलं की प्रकाश सरळ परत येतो आणि आपल्याला चमक दिसते. म्हणजे प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोट थोडा खर्च होतो, आणि तो परत येत नाही.

कॉमर्सवाल्यांसाठी सांगतो: क्लिअर कोट हे गिऱ्हाईकाचं भांडवल आहे. आपण त्यातून खर्च करतोय. मग जेवढ्यात काम होतं, तेवढाच खर्च करायचा.

धार, कोपरा, पत्र्याची उठलेली रेष या ठिकाणी तर अजून जपायचं. तिथे क्लिअर कोट मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब एका रेषेवर येतो. मी नेमका तिथेच चार वेळा गेलो होतो.

आता मशीन

रोटरी मशीन एकाच दिशेने गरगर फिरतं. काम पटकन होतं, पण एका जागी उष्णता साठते आणि हात चुकला की क्लिअर उडतो. नवख्या हाताने केलेल्या कामात उन्हात सरकणाऱ्या सावल्यांसारखे पट्टेही राहतात, त्याला होलोग्राम म्हणतात.

ड्युअल अॅक्शन, म्हणजे आपण डीए म्हणतो ते मशीन, फिरता फिरता झोकेही घेतं. त्यामुळे उष्णता विभागली जाते. काम हळू होतं, पण चूक व्हायलाही वेळ लागतो आणि तेवढ्यात तुमच्या लक्षात येतं. सुरुवात डीएनेच करा. ५ इंची प्लेटचं, वेग कमी-जास्त करता येणारं साधं मशीन पुरे.

त्यासोबत काय लागेल? फोमचे किमान सहा पॅड: तीन मध्यम, तीन मऊ. एक मध्यम कंपाउंड, एक फिनिशिंग पॉलिश. वीसेक चांगले मायक्रोफायबर कपडे, मास्किंग टेप, क्ले बार, एक चांगला टॉर्च. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात सुरू होतो आणि हात बसायला त्याहून जास्त वेळ लागतो. हप्त्याच्या घाईत घेतलेलं काम माझ्या बोनेटसारखं होतं. आधी हात बसवा, मग कर्ज.

पहिला हात भंगारातल्या बोनेटवर

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजबाहेर बदललेली बोनेटं, दारं पडलेली असतात. भंगाराच्या भावात एक बोनेट उचला, शक्यतो गडद रंगाचं. दोन टेबलांवर ठेवा आणि तीन सराव करा.

पहिला सराव, मशीनची ओळख. प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. जास्त दाबलं, किंवा पॅड तिरकं झालं, की रेघ थांबते. मशीन नुसतं थरथरतं, आवाज येतो, काम शून्य. दाब किती द्यायचा हे कुणी शब्दांत सांगू शकत नाही, ती रेघ सांगते.

दुसरा सराव, चौकोन. टेपने दीड फूट बाय दीड फूट चौकोन आखा. त्याच्या अर्ध्या भागावर टेप लावून तो झाका, उरलेल्या अर्ध्यावर काम करा. शेवटी टेप काढला की फरक समोर दिसतो. असे दहा चौकोन करा आणि प्रत्येक वेळी काय वापरलं ते वहीत लिहा.

तिसरा सराव, मुद्दाम नुकसान. बोनेटच्या धारेवर जा, पॅड तिरकं धरा, दाबा आणि फेऱ्या मोजत रहा. एका हाताने मधूनमधून पत्रा किती तापतोय ते बघा. क्लिअर उडेपर्यंत थांबू नका. उडण्याआधी चमक कशी बदलते, पॅडवर काय दिसतं, वास कसा येतो, हे एकदा बघून ठेवा. हा सराव मी माझ्या प्रत्येक बॅचकडून करून घेतो. बोनेट जाळलेला मुलगा पुढे धारेजवळ आपोआप हात हलका करतो.

पहिल्यांदा गाडीवर: क्रम

गाडी स्वतःची किंवा घरातली. भावाची असली तरी त्याला आधी सांगून.

१. सावली आणि थंड पत्रा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बोनेटवर हात ठेवता येत नाही, तिथे पॉलिश वाळून चिकटतं. सकाळी, शेडमध्ये काम करा.

२. धुणं. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक ग्लोव्ह खंगाळायची. मातीचा एक कण जरी पॅडखाली राहिला तरी तुम्ही पॉलिश पेपरने गाडी घासताय असं समजा.

३. क्ले बार. धुतलेल्या पत्र्यावर हात फिरवून बघा. खरखर लागली तर भरपूर लुब्रिकंट मारून क्ले फिरवा. क्ले खाली पडला तर उचलून वापरू नका, फेकून द्या.

४. तपासणी. टॉर्च तिरका धरून प्रत्येक भाग बघा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने पूर्ण जाणार नाही, तसं लिहून ठेवा. पेंट मोजायचं गेज असेल तर प्रत्येक पॅनलवर तीन-चार ठिकाणी आकडा घ्या. बाकीच्यांपेक्षा एकाच पॅनलचा आकडा खूप जास्त आला, तर तिथे परत रंगकाम किंवा पुट्टी असू शकते. ८० च्या खाली आला तर मशीन लावू नका. गेज सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतं, एकट्या क्लिअरची नाही, आणि साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. काही जुन्या गाड्यांना, विशेषतः साध्या पांढऱ्या-लाल रंगात, वेगळा क्लिअर नसतोच. न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा, रंग आला तर समजा थेट रंगावर काम आहे. बाकी गाड्यांवर पॅडला रंग दिसला की त्याच क्षणी थांबायचं.

५. टेप. धारा, रबर, काळं प्लास्टिक, लोगो झाका. काळ्या प्लास्टिकवर वाळलेलं कंपाउंड पांढरं दिसतं आणि काढताना नाकी नऊ येतात.

६. टेस्ट स्पॉट. बोनेटच्या मधोमध एकच चौकोन. सुरुवात सगळ्यात हलक्या जोडीने: मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश. नव्या पॅडवर पॉलिश हाताने पातळ पसरा, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. पॅड पत्र्याला टेकवून मगच बटण दाबा, नाहीतर अंगावर आणि काचेवर फवारा. कमी वेगात पसरवा, मग वेग ४-५ वर. हात सेकंदाला साधारण एक इंच. एकदा आडवा, एकदा उभा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवून. अशा चार फेऱ्या. पॅड उचलण्याआधी मशीन बंद. खांद्यावरून वायर मागे टाका, ती पत्र्यावर घासता कामा नये.

७. खरं काय ते बघा. पॉलिशमधलं तेल बारीक ओरखडे तात्पुरते झाकतं. पाण्यात १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून स्प्रे मारा, पुसा, मग टॉर्चने बघा. काम कमी वाटलं तर एकच गोष्ट बदला: आधी पॉलिशऐवजी कंपाउंड, तरीही कमी पडलं तर मध्यम पॅड. दोन्ही एकदम बदललं तर कशाने झालं ते कळणार नाही.

८. मगच पूर्ण गाडी. टेस्ट स्पॉटवर जे जमलं तेच सगळीकडे. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा, दोन-तीन पॅनलनंतर पॅड बदला. भरलेलं पॅड काम कमी करतं आणि तापतं जास्त. शेवटी वॅक्स किंवा सीलंट.

पहिल्यांदा एका हॅचबॅकला अख्खा दिवस जाईल. जाऊ दे.

कुठे थांबायचं?

टॉर्चखाली शंभर टक्के ओरखडे गेले पाहिजेत, हा हट्ट सोडा. गिऱ्हाईक गाडी उन्हात, दहा फुटांवरून बघतं. जाळी गेली, दोन-चार खोल ओरखडे राहिले, तरी गाडी खूप वेगळी दिसते. राहिलेला ओरखडा गिऱ्हाईकाला समजावून सांगता येतो. उडालेला क्लिअर समजावून सांगता येत नाही, तो रंगवावाच लागतो.

आमच्या शॉपचा नियम असा आहे: एका जागेवर ठरलेल्या फेऱ्या दोनदा झाल्या आणि ओरखडा आहे, तर तो राहणार. तिसऱ्यांदा जायचं नाही. धारेवर मशीन नाही, तिथे हाताने आणि मऊ पॅडने.

गिऱ्हाईकाशी बोलणं आणि हिशोब

आता ते वाक्य. "नव्यासारखी करून देतो." हे बोलल्यामुळेच मी त्या एका ओरखड्याच्या मागे लागलो होतो. शब्द मीच दिला होता आणि पाळायला क्लिअर कोट सरांचा वापरत होतो.

आज मी असं म्हणतो: "सर, ही जाळी बरीचशी जाईल. हे तीन ओरखडे खोल आहेत, ते फिके होतील पण राहतील. ते काढायच्या नादात रंगाला धोका आहे, म्हणून मी काढणार नाही." हेच जॉब कार्डवर लिहितो, फोटो काढतो, सही घेतो. मगच मशीन चालू. तुम्हाला वाटेल गिऱ्हाईक पळून जाईल. काही जातात. जे थांबतात ते काम बघून परत येतात, कारण जेवढं सांगितलं तेवढं त्यांना मिळालेलं असतं.

हिशोबाचं एक उदाहरण घ्या, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. समजा एका गाडीला सामान ६०० रुपये, दिवसाचं भाडं आणि लाइट ४००, हेल्पर ५००, तुमची स्वतःची मजुरी ८००. झाले २,३००. त्यावर १० टक्के, म्हणजे २३०, चुकीच्या फंडासाठी बाजूला. एकूण २,५३० रुपये, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही.

हा चुकीचा फंड बरेच जण धरत नाहीत. मीही धरला नव्हता. म्हणून साडेतीन हजार घरखर्चातून गेले, आणि म्हणूनच वॅक्स लावून गाडी देण्याचा मोह झाला. प्रामाणिक राहायला हिंमत लागते हे खरं, पण डब्यात थोडे पैसे असले की ती हिंमत लवकर येते.

"समोरचा १,२०० मध्ये रबिंग करून देतो" असं गिऱ्हाईक म्हणेल. वाद घालू नका. त्याच्याच बोनेटवर एक टेस्ट स्पॉट करा, अल्कोहोल मारून पुसा, उन्हात गाडी काढून दाखवा. बाकी निर्णय त्याचा.

या आठवड्याचा गृहपाठ

गिऱ्हाईक शोधू नका, बोनेट शोधा. दहा चौकोन करा, एक धार मुद्दाम जाळा, आणि किती फेऱ्यांत क्लिअर उडाला तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. फोटोसकट मला कमेंटमध्ये सांगा. ज्यांचा जळालेला फोटो आधी येईल, त्यांना मी आधी उत्तर देणार.

पुढच्या भागात होलोग्राम कसे काढायचे आणि कुठल्या गाडीला सरळ नाही म्हणायचं, ते बघू. तोपर्यंत हात हलका ठेवा. भेटू!